हा निळा कुणी लावला?

पट्टी काढल्याच्या चौथ्या दिवशी आप्पांनी मला ट्रंक उघडायला लावली. डॉक्टरांनी धुळीपासून जपायला सांगितलं होतं, म्हणून मी आधी ट्रंक अंगणात नेऊन पुसली, डांबरगोळ्यांचा वास जरा उडू दिला आणि मग एकेक चादर काढून त्यांच्या मांडीवर ठेवत गेले. काळा गॉगल त्यांनी कपाळावर सरकवला होता. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डावा अजून जुनाच. पहिल्या दोन चादरी त्यांनी नुसत्या हात फिरवून बाजूला ठेवल्या. तिसरी मोराची. मधोमध पिसारा, काठाला वेलबुट्टी, सगळी जमीन निळी. ती त्यांनी उलगडली, दाराच्या उजेडाकडे धरली, परत मांडीवर घेतली आणि म्हणाले, "हा निळा कुणी लावला? डोळ्यात घुसायलाय नुसता."

घरात कुणीच उत्तर दिलं नाही. आईने तव्यावरची भाकरी उलटली, एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा तव्याकडे. तो निळा आप्पांनीच लावला होता.

आप्पा आयुष्यभर रंगांत होते. आधी मिलच्या डाईंग खात्यात, आणि मिल बंद पडल्यावर सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे पत्र्याखालचे आठ जकार्डचे माग आणि कानाला दडे बसवणारा खडखडाट. तिथे त्यांच्या हुद्द्याला काय म्हणायचे ते मला आजही सांगता येणार नाही. सूत रंगून आलं की शेडकार्डाशी ताडून बघायचं, नव्या डिझाइनला कुठल्या रंगाच्या कांड्या लावायच्या ते ठरवायचं, एवढं त्यांचं काम. ओली लड पिळून ते दारात न्यायचे. "ट्यूबच्या उजेडात रंग खोटं बोलतो," म्हणायचे. त्यांच्या बोटांच्या पेरांत कायम कुठला ना कुठला रंग अडकलेला असायचा. लहानपणी त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून दिला की मी आधी तो उलटून बघायचे, रंग लागलाय का. मालक बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "रंगाचं आप्पांना विचारा." पगार वाढला नाही तरी या एका वाक्यावर आप्पांनी कितीतरी वर्षं काढली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी काम सोडलं. मोराची चादर त्याच्या आदल्या वर्षातली. म्हणजे हिशेब सरळ होता, आणि तो आप्पांनी माझ्याआधी करून टाकला होता. डोळ्यातलं भिंग पिवळं पडत गेलं, पिवळ्या भिंगाने सगळ्यात आधी निळा गिळला, आणि समोरचा निळा मेलेला वाटतो म्हणून हा माणूस दरवेळी थोडा चढता निळा निवडत गेला. कारखान्यात तरण्या डोळ्यांची पोरं होती. त्यांना तो भडक दिसलाच असणार. पण रंगाचं आप्पांना विचारायचं, आप्पांना सांगायचं नाही, अशी तिथली रीत.

खरं तर मला गेल्या वर्षीच कळायला हवं होतं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, नंदीध्वजांची मिरवणूक बघायला आम्ही दरवर्षीच्या ओट्यावर उभे होतो. सातही नंदीध्वज, हलग्यांचा आवाज, खोबरं-लिंबाच्या माळा, आणि पांढऱ्याशुभ्र बाराबंद्या घातलेली माणसं, इतकी की रस्ता दुधाने भरून वाहतोय असं वाटावं. आप्पा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "यंदा बाराबंद्या धुतल्या नाहीत का गं कुणी? सगळ्या बदामी दिसायल्यात." मी हसले. नुसती हसले नाही, घरी येऊन तो विनोद म्हणून सगळ्यांना सांगितला, पुण्याच्या भावाला फोनवरसुद्धा. रात्री होम मैदानावर शोभेचं दारूकाम झालं तेव्हा ते म्हणाले की प्रत्येक दिव्याला झालर लागलीय. तेही मी जत्रेच्या धुराळ्यावर ढकललं.

मी विज्ञान शिकवते.

ज्युनिअर कॉलेजात, अकरावीला, चोवीस वर्षं. पेशीची आकृती काढून भागांना नावे द्या, हा प्रश्न मी किती वेळा तपासला असेल त्याला गणती नाही. केंद्रक म्हणजे पेशीचा कारभारी, तंतुकणिका म्हणजे तिचं वीजघर, हे मी झोपेतही सांगेन. पण कारभारी आणि वीजघर दोन्ही आपल्या हाताने मोडून टाकणारी आणि तरीही साठ-सत्तर-ऐंशी वर्षं जगणारी पेशी आपल्याच डोळ्यात असते, हे मी एकाही वर्गाला सांगितलेलं नाही. पुस्तकात असलंच तर मी ते ओलांडून गेले. मोराची चादर घडी होऊन परत ट्रंकेत गेली, त्या रात्री मला झोप लागेना, आणि मी वाचत बसले. बऱ्याच गोष्टी मला नव्याने कळल्या, हे कबूल करायला लाज वाटते आहे, पण तसं आहे.

भिंगात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. असती तर प्रकाशाच्या वाटेत आली असती. पुढच्या अंगाला पेशींचा एकच थर, तो कडेकडेला नव्या पेशी घडवतो. त्या पेशी लांब लांब होत तंतू होतात आणि जुन्या तंतूंवर कांद्यासारख्या चढत जातात. चढता चढता आपलं केंद्रक, तंतुकणिका, सगळा संसार विरघळवून टाकतात, कारण तोही प्रकाशाला अडतो. राहतं ते क्रिस्टलिन नावाच्या प्रथिनांनी गच्च भरलेलं पोट. भिंगाच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा प्रथिनांचाच, इतकी दाटी शरीरात क्वचितच कुठे. आणि एकदा केंद्रक गेलं की नवं प्रथिन घडवायची सोय संपली. त्वचा झडते, रक्तपेशी साधारण चार महिन्यांत बदलतात, पण भिंगातला तंतू कधीही टाकला जात नाही. नवे वरून चढतात, जुने आत दाबले जातात. अगदी गाभ्यातले तंतू आपण आईच्या पोटात असतानाचे. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये याचा एक विलक्षण उपयोग करून दाखवला. १९५०-६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढवला होता. मृत माणसाच्या भिंगातल्या प्रथिनांत तो किती आहे हे मोजून त्यांनी त्या माणसाचं जन्मसाल काढलं. आप्पांचा जन्म त्या चाचण्यांच्या आधीचा. म्हणजे त्यांच्या भिंगाच्या गाभ्यात, आजीने बाळंतपणाआधी जे काही खाल्लं त्यातला कार्बन, बॉम्बचा वारा न लागलेला, ऐंशी वर्षं तसाच बसून होता. तो गाभा ऑपरेशनच्या दिवशी कुठल्याशा नळीतून वाहून गेला. हे वाचल्यावर मी उठून पाणी प्यायले.

पण मग हे बिनकारभाऱ्याचे, बिनविजेचे तंतू इतकी वर्षं तगतात कशावर? शेजारावर. आणि इथे मला आमच्या साखर पेठेतल्या जुन्या घराची आठवण आली.

आमच्या आणि शेजारच्या अक्कांच्या स्वयंपाकघरात एकच भिंत होती, आणि त्या भिंतीत एक झरोका. दोन विटांएवढा. तो कुणी पाडला, कधी पाडला, कुणाला ठाऊक नव्हतं. अक्कांचं घर पद्मशाली, घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि भांडणात दोन्ही. त्या झरोक्यातून दिवसभर काही ना काही जायचं यायचं. विरजण, चमचाभर साखर, कढीपत्त्याची काडी, लसूण जास्त पडलेली शेंगाची चटणी, ताप आलेल्या पोरासाठी कापराची वडी, आणि बातम्या. वाटी जायची, परात जायची नाही. परात द्यायची तर दारातून वळसा घालून जावं लागायचं, आणि मग शेजारीण न राहता पाहुणी व्हावं लागायचं, चहा आला, बसणं आलं. आई म्हणायची, अर्धं घर या भोकावर चालतं.

भिंगातल्या तंतूंच्या भिंतींत असेच झरोके असतात. कनेक्सिन नावाची सहा प्रथिनं गोलाकार उभी राहून अर्धा झरोका करतात, शेजारची पेशी तिच्या बाजूने दुसरा अर्धा करते, दोन्ही एकमेकांना भिडले की वाट खुली. एकट्याने पाडता येत नाही असं हे भोक. तंतूंमध्ये कनेक्सिन ४६ आणि कनेक्सिन ५० ही दोन मुख्य. आकडे त्यांच्या वजनाचे. या वाटेने क्षार जातात, पाणी जातं, साखर जाते, ग्लुटाथायोन जातं, जे प्रथिनांना गंज चढू देत नाही. मोठं काही जात नाही. वाटी जाते, परात नाही. आणि नुसती देवघेव नाही, त्याला एक दिशा आहे. सोडियम भिंगाच्या पुढून-मागून आत शिरतो, गाभ्यापर्यंत पोचतो, मग तंतूतंतूंतल्या झरोक्यांतून कडेला येतो आणि तिथल्या पंपांनी बाहेर फेकला जातो. त्याच्यामागून पाणी फिरतं. रक्त नसलेल्या भिंगाचं रक्ताभिसरणच म्हणा ना. कॅल्शियमलाही बाहेर पडायला हीच वाट.

ही वाट बंद झाली तर काय होतं, ते १९९७ मध्ये उंदरांवर बघितलं गेलं. कनेक्सिन ४६चं जनुक काढून टाकलेले उंदीर जन्मले, त्यांची भिंगं सुरुवातीला छान निर्मळ. काही आठवड्यांत नेमका गाभा ढगाळायला लागला. कडेला सगळं ठीक, मध्ये धुरळा. तपासल्यावर गॅमा क्रिस्टलिनचे तुकडे पडलेले सापडले. पुढे उलगडत गेलं ते असं, की वाट बंद झाली म्हणून कॅल्शियम आत साठला, आणि कॅल्शियम वाढला की कॅल्पेन नावाची कात्री जागी होते. एरवी ही कात्री गरजेपुरती चालते. मोकाट सुटली की क्रिस्टलिन कापत जाते, तुकडे एकमेकांना चिकटतात, गोळे होतात, आणि त्या गोळ्यांवर प्रकाश विखुरतो. तोच आपला मोतीबिंदू. माणसांतही या कनेक्सिनांची जनुकं बिघडलेली असली तर काही पोरं जन्मतःच मोतीबिंदू घेऊन येतात. म्हातारपणचा मोतीबिंदू इतका एकमार्गी नसतो. त्यात मधुमेह असतो, ऊन असतं, तंबाखूचा धूर असतो, आणि मुख्य म्हणजे वर्षं असतात. पण त्यातही झरोके हळूहळू निकामी होतात, कनेक्सिनच्या शेपट्या तुटतात, गाभ्यापर्यंत ग्लुटाथायोनची वाटी पोचेनाशी होते.

दुसरी एक व्यवस्था आहे, तिचं मला जास्त वाईट वाटलं. बिघडलेलं प्रथिन ओळखून त्याला युबिक्विटिनची चिठ्ठी लावायची आणि चिठ्ठीवाला माल मोडीत काढायचा, हे पेशीचं रोजचं झाडलोटीचं काम. कात्री वेगळी आणि हे वेगळं. इथे नेमकं वाईट तेवढंच निवडून मोडतात. भिंगाच्या कडेच्या तरुण पेशींत ते धडपणे चालतं, आत आत क्षीण होत जातं. संशोधकांनी उंदरांच्या भिंगात युबिक्विटिनचा एक बिघडलेला नमुना घातला. चिठ्ठ्यांचा कारभार विस्कटला तशी कॅल्शियमची घडीही विस्कटली, कात्री सुटली, भिंग धूसर झालं. म्हणजे शेजाऱ्याशी बोलणं आणि घरातला केर काढणं ही दोन खाती वेगळी नाहीतच. एक बसलं की दुसरं बसतं. मध्ये अल्फा क्रिस्टलिन नावाचं एक प्रथिन सगळ्यांना सांभाळून धरत असतं, उलगडायला लागलेल्या दुसऱ्या प्रथिनाला मिठी मारून त्याचा गोळा होऊ देत नाही. पण नवं तर घडत नाही. प्रत्येक मिठीत एकेक खर्ची पडतं, आणि चाळिशी-पन्नाशीपर्यंत गाभ्यातला मोकळा अल्फा जवळजवळ संपतो. त्यापुढे उधारीवर.

हे वाचून मला 'पडदा आला' या आपल्या शब्दाचा राग आला. जणू बाहेरून कुणी आणून टाकला. आजीच्या वेळी तर 'मोती पिकला' म्हणायचे, आणि पिकेपर्यंत थांबायचे, सीताफळासारखे. तिचं ऑपरेशन शाळेतल्या शिबिरात झालं होतं. बाकं काढून टाकलेला वर्ग, जमिनीवर ओळीने सतरंज्या, प्रत्येक डोळ्यावर हिरवी झापड, फिनेलचा आणि उपम्याचा मिसळलेला वास. तेव्हा भिंग वेष्टणासकट अख्खं काढायचे आणि त्या जागी काहीच बसवायचे नाहीत. म्हणून आजीला सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा लागला. त्यातून तिचे डोळे एवढाले दिसायचे, की आम्ही नातवंडं घाबरून जवळ जायचो नाही, आणि ती म्हणायची, आता सगळी स्पष्ट दिसताय तर लांब का पळताय? खरं तर कृत्रिम भिंग तोवर निघालेलं होतं. हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनमध्ये १९४९ सालीच पहिलं बसवलं होतं. युद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लास्टिक काचेचे कण रुतून बसले आणि डोळ्याने ते निमूट सोसले, हे पाहून त्यांना ते सुचलं. आजीच्या सतरंजीपर्यंत ते पोचलं नाही, एवढंच. आप्पांचं पंधरा-वीस मिनिटांत उरकलं. बारीक छेद, ध्वनिलहरींनी गाभा फोडून ओढून घेतला, वेष्टण जागेवर ठेवून त्यात घडी घातलेलं भिंग सोडलं, ते आत जाऊन आपोआप उलगडलं. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "झालं? चहा मिळंल का?"

झरोक्याचं सांगायचं राहिलं. भांडण वगैरे काही झालं नाही. साल आठवत नाही, पण आम्ही स्वयंपाकघराला ओटा केला आणि भिंतीला फरशा लावल्या. मिस्त्रीने विचारलं, हे भोक ठेवायचं का? आई देवळात गेली होती, मी अभ्यास करत होते. मी म्हणाले, "नको, फरशी तुटक दिसेल." पांढऱ्या फरशीची एक ओळ त्यावरून सरळ गेली. अक्कांनी पलीकडून एकदा टकटक केलं असेल की नाही, माहीत नाही. पुढे त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा आम्हाला दोन दिवसांनी कळलं, तेही किराणा दुकानात. आई दारातून वळसा घालून गेली, परातीएवढं काहीतरी घेऊन. अक्कांना तोवर बोलता येत नव्हतं. भिंगाला आणि घराला एक माप लावू नये, विज्ञानाच्या बाईने तर नाहीच. तरी कनेक्सिनची ती दोन अर्धुकं भिडलेली आकृती बघताना मला ती फरशी दिसत होती, खालून चौथी ओळ, एका कोपऱ्याला टवका उडालेली.

दुसऱ्या डोळ्याची तारीख महिनाभराने होती. मी कालनिर्णयवर गोल केला. दोन दिवस आधी तपासणीला जायचं म्हणून निघालो, तर आप्पा म्हणाले, "राहू दे." मी समजावलं. दुखत नाही हे तुम्हीच पाहिलंत, दोन्ही डोळ्यांत फरक राहिला तर अंदाज चुकतो, जिन्यावर पाय घसरायचा. ते ऐकत होते, मान हलवत होते, आणि चपला घालत नव्हते. आई आतून म्हणाली, "त्यांचं काय चाललंय ते बघ तरी आधी."

मग बघितलं. दुपारी, आई वाती वळत बसलेली, गल्लीतून कुठल्यातरी मागाचा खडखडाट येत होता, पूर्वीसारखा दाट नाही, एकट्या मागाचा. आप्पांनी ट्रंकेतून मोराची चादर स्वतः काढली होती आणि दारात, उजेडाच्या पट्ट्यात पसरली होती. उजव्या डोळ्यावर तळहात धरून ते डाव्या, जुन्या डोळ्याने तिच्याकडे बघत होते. मग हात काढला, तोंड वाकडं केलं, परत धरला.

"काय बघायलाय आप्पा?"

"ये, इकडं बस," ते म्हणाले. डोळ्यावरचा हात तसाच. "ह्या डोळ्यानं बघ, बरोबर आहे निळा. असाच लावला होता मी."